लेकीच्या घरचं पाणी

हद्दीवरच्या स्टेशनात बार्शीची छोटी गाडी थांबली, करोडगिरीचा शिपाई डब्यात चढला आणि उद्धवरावांना कोण आनंद झाला! शिपायानं ट्रंक उघडायला लावली, चिवड्याच्या डब्यात बोट फिरवलं, गीताबाईच्या नव्या लुगड्याची घडी मोडली आणि जकात लावण्याजोगं काहीच सापडलं नाही म्हणून तोंड वाकडं करून खाली उतरला. दुसरा कुणी असता तर चिडला असता. उद्धवराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघितलंत? आता आपण परदेशात. इथं राजा निराळा, नाणं निराळं, बोलणं निराळं. इंग्रजांचा खालसा मुलूख मागं राहिला."

खिडकीशी ठकूला मांडीवर घेऊन बसलेल्या सत्यभामेला हसू आलं. दीर ज्याला परदेश म्हणत होते तिथंच, निजामाच्या मोगलाईत, कमलनगरच्या अंगाला तिचा जन्म झाला होता. परदेशात ती गेली ती लग्न होऊन, बार्शीकडं. पण हे बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. माणसाला हौसेनं मिळालेला परदेश कशाला काढून घ्या?

उद्धवरावांची बार्शीच्या पेठेत आडत होती आणि डोक्यात जुन्या इमारतींचं वेड होतं. दरसाल दिवाळी उरकली की ते कुठल्यातरी किल्ल्यावर निघायचे. वाटेत कडा चढायचा असला, नदी ओलांडायची असली तर जास्तच खूश. यंदा बेत लांबचा होता. लातुरापर्यंत रेल्वे, तिथून पुढं ती नव्हतीच तेव्हा, म्हणून बैलगाडी. उदगीरचा किल्ला, मग मांजरा ओलांडून बिदर, आणि बिदरात सगळ्यावर कडी म्हणजे नरसिंहाची झरणी. डोंगराच्या पोटात भुयार, भुयारात छातीइतकं पाणी, वर वटवाघळं आणि पार आत देव.

"काय मजा येईल वहिनी!" असं ते तिला इतक्यांदा म्हणाले होते की मजा निघायच्या आधीच थोडी शिळी झाली होती.

वहिनीला सोबत घेतलं होतं ते स्वैपाकासाठी आणि ठकूसाठी. धाकट्या जावेला, गीताबाईला, गाडी लागायची. बैलगाडी, आगगाडी, दोन्ही. आणि तिची दीड वर्षांची ठकू तशीही आईपेक्षा मोठ्याईच्या कडेवरच जास्त असायची. सत्यभामेच्या नवऱ्यानं, राघोबांनी, ज्वारीच्या राखणीचं निमित्त करून अंग काढून घेतलं. "तू जा," म्हणाले, "तुझ्याच मुलखात चाललेत."

सत्यभामेनं मात्र तोंडातून शब्द न काढता होकार दिला होता, तो तिच्या स्वतःच्या कारणासाठी. तिला आपल्या भावाला पाणी पाजायचं होतं.

त्यांच्याकडं रीत अशी, की लेक ज्या घरी दिली त्या घरचं पाणी माहेरच्यांनी प्यायचं नाही. लेकीला मूल झालं की ती बंदी सुटते. मग भाच्याच्या हक्काचं घर म्हणून मामानं तिथं हवं ते खावं, हवं तितके दिवस राहावं. बहुतेकांच्या नशिबी ही तहान वर्ष-दोन वर्षांची असते. सत्यभामेच्या माहेराला ती जन्माची लागली. तिची कूस उजवली नाही.

बाप, ज्याला दोघं भावंडं अण्णा म्हणत, लग्नाआधीच गेला होता. कन्यादान थोरल्या भावानं, ग्यानबानं केलेलं. तोच मुराळी होऊन तिला न्यायला यायचा. खांद्यावर घोंगडं, काखेला पाण्याचा भोपळा, पदरात भाकरी. ओट्यावर बसायचा, सगळ्यांची चौकशी करायचा आणि जेवायची वेळ झाली की उठून वेशीबाहेरच्या लिंबाखाली जाऊन आपली भाकरी खायचा. घरचंच काय, गावचंही पाणी त्याला वर्ज्य. सासूबाई हयात होत्या तेव्हा म्हणायच्या, "सत्यभामे, तुझा भाऊ आलाय का उंट गं? पाणी संगंच वागवतोय." सगळे हसायचे. ग्यानबाही हसायचा.

मग एका वैशाखात त्याचा भोपळा वाटेतच फुटला. तो ओट्यावर आला तेव्हा ओठ पांढरे पडले होते. सत्यभामा तांब्या घेऊन चौकटीत उभी राहिली आणि तो वाशांकडं बघत पावसापाण्याचं बोलत राहिला. परत निघाला तो वेशीपर्यंत पोचायच्या आत भोवळ येऊन पडला. गड्यांनी उचलून गावाबाहेर ओढ्यावर नेला, तेव्हा कुठं प्याला. सत्यभामा तिथवर धावत गेली होती. ती म्हणाली, "दादा, पुन्हा येऊ नको. तुझं मढं माझ्या दारात नको."

भीतीनं बोलली. पण ग्यानबा शब्दाचा फार पक्का. तो पुन्हा आला नाही. आणि मुराळी आल्याबिगर लेकीनं आपणहून माहेरी जायचं, तर ती कसली लेक? ते आगंतुकाचं येणं. दिवाळीमागून दिवाळ्या गेल्या. भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची आणि चंद्र काही पाणी मागत नसे.

यंदा बिदरचा बेत कानावर पडला तेव्हा भाकरी थापता थापता तिच्या डोक्यात आलं: झरणी. ते तर कुणाचं घर नाही. सासर नाही, सासरचं गाव नाही, सासरचा मुलूखसुद्धा नाही. तिथं बहिणीनं भावाला पाणी दिलं तर कोणत्या रीतीला बाध येतो? ती इतकी हरखली की भाकरी करपली.

*

लातुरात त्यांना हावगेप्पाची गाडी मिळाली. हावगेप्पा भालकीकडचा, तिन्ही भाषा एकाच वाक्यात बोलणारा माणूस. बैलांशी कानडीत, उद्धवरावांशी दख्खनीत आणि सत्यभामेशी मराठीत. तिचं पहिलंच वाक्य ऐकून तो मागं वळला.

"अक्का, तुम्ही आमच्यातल्या दिसायल्या की!"

"व्हय तर. कमलनगरची हाय मी," सत्यभामा म्हणाली, आणि स्वतःच्याच तोंडातून निघालेलं ते 'व्हय तर' ऐकून तिचं तिलाच कसंतरी झालं. बार्शीकडं तिच्या बोलण्याला हसत, म्हणून तिनं ते ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवलं होतं. इथं कुणी न विचारता ते वर आलं.

उदगिरात उद्धवरावांनी दोन दिवस किल्ला बघितला. एकेक बुरूज चढले, एकेका तोफेच्या तोंडात हात घालून बघितला. दुसऱ्या दिवशी खंदकाच्या बाजूला विहिरीवर सत्यभामा ठकूला कडेवर घेऊन पाणी भरत होती, तिथं एक धनगर मेंढरांना पाणी पाजायला आला. बोलता बोलता कळलं की त्याचं नाव धुळाप्पा आणि तो कळप घेऊन कमलनगरच्या बाजूलाच निघालाय.

"तिथं ग्यानबा म्हणून हायत, चिंचेच्या मळ्यातले. वळखता का?" तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"वळखता का म्हणजे? दर साली त्यांच्याच रानात मेंढरं बसवतोय की खताला. तुम्ही कोण त्यांच्या?"

"बहीण."

धुळाप्पानं तिच्याकडं बघितलं, मग कडेवरच्या ठकूकडं बघितलं. ठकू मेंढराला बघून टाळ्या पिटत होती. "ग्वाड हाय लेकरू," तो म्हणाला.

"द्वाड हाय," सत्यभामा म्हणाली.

अशावेळी 'माझं नव्हे, जावेचं' हे सांगायचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. पहिल्यांदा सांगायची. मग समोरची बाई विचारायची, "आन् तुमचं?" मग 'नाही' म्हणायचं, मग तिनं चुकचुकायचं, मग एखाद्या देवाचं नाव सुचवायचं. वाटेवरच्या माणसाला एवढं सगळं कशाला? ठकू कडेवर होती, तेवढं खरं होतं.

"दादाला एवढा सांगावा द्या," ती म्हणाली. "सोमवारी भामा बिदरच्या झरणीवर येणार हाय. तिथं ये म्हणावं. आन् म्हणावं, ते कुणाचं घर न्हाई."

"कुणाचं घर न्हाई," धुळाप्पानं पाठ केलं. "कळंल त्यास्नी?"

"कळंल."

*

कमलनगरच्या अलीकडं एक गाडीवाट सडकेला येऊन मिळते. त्या वाटेनं कोसभर आत तिचं माहेर. हावगेप्पानं तिथं न सांगताच बैल उभे केले. सत्यभामेनं गाडीच्या मागच्या तोंडाशी सरकून बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं. तुरी फुलल्या होत्या, एक कुत्रं आडवं गेलं.

"जाऊन यायचं का वहिनी?" उद्धवरावांनी विचारलं. माणूस वेडा असला तरी मनानं मोकळा. "घटकाभर थांबू आम्ही."

"मूळ आल्याबिगर?" ती म्हणाली.

"आक्का, आता कोण बघायलंय?" गीताबाई म्हणाली. मोगलाईत चार दिवस झाले होते, तीसुद्धा 'बघायलंय' म्हणायला लागली होती.

"मी बघायले की," सत्यभामा म्हणाली. "हाना हावगेप्पा."

बैल चालायला लागले तरी ती बराच वेळ मागंच तोंड करून बसली होती. तिला वाटत होतं, सांगावा पोचला असेल तर तो आधी या फाट्यावरच येऊन उभा राहील. पोचला नसेल. किंवा पोचला असेल आणि त्यानं म्हटलं असेल, येऊ नको म्हणाली होतीस ना, मग आता कामून बोलवायलीस?

मांजरेवर उद्धवरावांच्या हौसेला ऊत आला. गाडी-बैल उतारानं पाण्यातून जाणार होते. त्यांच्यासोबत गुमान गाडीत बसून जाता आलं असतं. पण काठाला कोळ्यांची काहील होती. ऊस गाळायचा हंगाम आला नव्हता, तोवर गुळाची ती मोठी कढई होडीचं काम करत होती. उद्धवरावांनी हट्ट धरला. चौघं त्या काहिलीत तळाशी मांडी घालून बसले, दोन जण पोहत ती ढकलू लागले आणि काहील मध्यावर जाऊन स्वतःभोवती गरगर फिरायला लागली.

"अगं आई गं, फिरतीया!" गीताबाईनं डोळे मिटून नवऱ्याचा सदरा धरला.

"फिरू दे, फिरू दे, चहूकडचं दिसतंय," उद्धवराव म्हणाले. त्यांचा फेटा सुटून पाण्यात लोंबत होता.

सत्यभामा हसली. लहानपणी ती अशीच ग्यानबादादासोबत पलीकडं जत्रेला जायची. मध्यावर आल्यावर तो मुद्दाम काहील हलवायचा. आता ठकू तिच्या मांडीत खिदळत होती, आणि काहील फिरेल तसं एकदा माहेरचा काठ समोर यायचा, एकदा बिदरचा. शेवटी बिदरचा तेवढा समोर राहिला.

*

सोमवारी झरणीवर बऱ्यापैकी गर्दी होती. दगडी पायऱ्या उतरून गेलं की कुंड, कुंडावर दगडी तोंडातून पडणारी धार, आणि बाजूला भुयाराचं काळं तोंड. आतून माणसं भिजून, कुडकुडत, हसत बाहेर येत होती. सत्यभामेनं घासून लख्ख केलेला लोटा धारेखाली भरला आणि ठकूला घेऊन पायरीवर बसून राहिली. उद्धवराव आत जायला उतावीळ झाले होते. गीताबाईनं वटवाघळांचा वास आल्याबरोबर जाहीर केलं की ती बाहेरच बसणार.

"वहिनी, निघायचं?"

"गर्दी हटू द्या जराशी," ती म्हणाली. गर्दी हटली, पुन्हा जमली. ती पायऱ्यांकडं बघत राहिली.

आणि तो आला. तिनं त्याला आधी चालीवरून ओळखलं, मग तोंडावरून. कारण तोंड बदललं होतं. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, गालफडं बसली होती. काखेला भोपळा नव्हता. हातात एक गाठोडं होतं आणि तो इतका हसत होता की तिला आधी भीतीच वाटली.

"दादा!"

"भामे," तो म्हणाला, आणि तिच्याकडं न बघता तिच्या कडेवर बघू लागला. "हीच का गं? हीच व्हय? धुळाप्पा बोलला तवा माझा इस्वास बसंना. म्हणलं, पुन्यांदा सांग. पुन्यांदा सांगितलं. तुझी वैनी तर रडायलाच लागली."

सत्यभामेनं ठकूला सावरून धरलं.

"ही कुंची केलीय तिनं, राती बसून. आन् हे डिंकाचे लाडू तुला. पोर चालायला लागलीय म्हणजे उशीर झालाय खरं, पर म्हणली, बाळंतिणीला माहेरचे लाडू मिळाले न्हाईत तर कंबर धरतीया जन्माची, घेऊन जावा." गाठोडं पायरीवर ठेवून त्यानं गुडघे टेकले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तिच्यापुढं धरली. "दे आता. काल सांजेपास्नं पाण्याचा थेंब घेतला न्हाई बघ. म्हणलं, पयला घोट भामाच्या हातचा."

त्याचे ओठ फुटले होते. त्या वैशाखातल्यासारखेच.

गीताबाई दोन पायऱ्या वर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सत्यभामेनं तिच्याकडं बघितलं, तशी गीताबाई पदर सावरत म्हणाली, "अहो, चला तिकडं, ती कमान बघायचीय ना तुम्हाला," आणि उद्धवरावांना दंडाला धरून लांब घेऊन गेली. जाताना मागं वळून बघितलंसुद्धा नाही. आपली पोर तिनं तेवढ्यापुरती जावेला देऊन टाकली.

सत्यभामेनं लोटा उचलला. नुसता कलवायचा होता. ठकूनं हात लांबवून ग्यानबाची मिशी पकडली, आणि तो ओंजळ न सोडता, मान वाकडी करून तिच्याशी बोलायला लागला. "तू आलीस म्हणून गं बाई माझे. न्हाईतर ह्यो मामा असाच तान्हेला मेला असता. तुझ्या जिवावर पितोय बघ."

लोटा तिथंच थांबला. एवढ्या वर्षांनी तो तिच्या हातचं पाणी प्यायला बसला होता आणि ते ठकूच्या जिवावर! पाणी तिचं, हात तिचा, आणि मान ठकूचा. ज्या बाईनं ओवाळायला भाऊ नाही म्हणून चंद्र ओवाळला, तिच्या वाट्याला यात काय आलं? तो पिऊन उठला असता, दिवाळीला बार्शीला आला असता, पाटावर बसला असता, आणि विचारलं असतं, पोर कुठाय. मग? पण मगचं तिला त्या क्षणी सुचलंही नाही. तिला एवढंच कळलं, की हे पाणी तिला नको होतं.

"दादा," ती म्हणाली, "ही माझी न्हाई. गीताची हाय. जावंची."

ग्यानबा तसाच बसून राहिला, ओंजळ धरून. ठकूनं मिशी ओढली तेव्हा हलला.

"धुळाप्पा म्हणला, कडंवर व्हती."

"कडंवर असतीया. माझी न्हाई."

"मग अजून..."

"अजून काई न्हाई. आन् आता काई होणार बी न्हाई, दादा. वय झालं माझं." तिनं लोटा पुढं केला. "पर हितं घर न्हाई कुणाचं. त्यासाठी तर बोलावलं तुला. लोटा सासरचा म्हणत असशील तर ठिवते बाजूला. धारंखाली ओंजळ धरते आन् तुझ्या ओंजळीत सोडते."

त्यानं हात हळूच बाजूला केले. कोरडे होते तरी धोतराला पुसले.

"घर भितीला नसतंय, भामा," तो म्हणाला. "ह्या हातावर मीच कन्यादानाचं पाणी सोडलंय. दिलं ते दिलं. त्या हातचं परत घेतलं तर दान मोडतंय."

"आन् पोर झाल्यावर मोडत न्हाई?"

त्यानं खरोखरच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, खाली बघून. मग म्हणाला, "ते मला ठाव न्हाई गं. अण्णानं सांगितलं तेवढं ठाव हाय. पुढचं विचारायच्या आत अण्णा गेला."

तो लबाड असता, गर्विष्ठ असता, तर तिला भांडता आलं असतं. गाडीशी बसलेला हावगेप्पा हे लांबून बघत होता. त्याला काय समजलं कुणास ठाऊक, तो आपला तांब्या घेऊन आला. "पावणं, ओठ सुकलेत की वो. घ्या, माझ्यातलं घ्या."

"नको," ग्यानबा म्हणाला. "तान न्हाई."

कालपासूनचा तहानलेला माणूस तो! सत्यभामेला कळलं. तिच्यादेखत दुसऱ्याच्या हातचं तो पिणार नव्हता. त्याच्याकडं देण्यासारखं तेवढंच होतं आणि ते त्यानं दिलं.

*

"आलोच हाय तर देवाला जाऊन येऊ," ग्यानबा म्हणाला. ठकूला गीताबाईपाशी ठेवून ते भुयारात शिरले. पुढं उद्धवराव, मागं सत्यभामा, तिच्या मागं ग्यानबा.

पाणी आधी गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला लागलं. बाहेर ऊन असून आत गारठा. वर छताला वटवाघळं चिकटलेली, त्यांची चिवचिव, माणसांच्या आरोळ्या, आणि पायांखाली काय आहे ते न दिसणारं. उद्धवराव 'वा, वा!' करत पुढं चालले होते. सत्यभामेचा पाय एकदा घसरला तेव्हा मागून ग्यानबानं तिचा दंड धरला, सावरल्यावर सोडला. इतक्या वर्षांत साठवलेलं कितीतरी तिच्यापाशी होतं, पण ते सगळं ओट्यावर बसून, निवांतपणी, पोटभर जेवलेल्या भावाला सांगायचं होतं. छातीभर पाण्यात कुठून सुरुवात करायची?

शेवटी समईचा उजेड दिसला. देवापाशी जागा एवढीशी आणि माणसं दाटीनं उभी. पुजारी वर कट्ट्यावर होता, त्याचा हात पहिल्या माणसापलीकडं पोचत नव्हता. तो ओरडत होता, "पुढं घुसू नका! तीर्थ ओंजळीतून ओंजळीत द्या! आपलं घ्या आन् मागच्याला द्या!"

उद्धवरावांनी आपलं घेतलं, मग तिच्या ओंजळीत ओतलं. तिनं घोटभर घेतलं. राहिलेलं हातात धरून ती मागं वळली.

ग्यानबाचं तोंड समईच्या उजेडात अर्धं दिसत होतं. त्याचे हात पाण्याखाली होते.

"द्या की लवकर!" मागून कुणी ओरडलं. "ओ मामा, धरा की हात!"

तिच्या बोटांतून पाणी झिरपत होतं. म्हणण्यासारखं सगळं बाहेर म्हणून झालं होतं. तीर्थ नाकारणं म्हणजेही पापच. त्याच्या डोळ्यांत ते दोन्ही हिशेब भांडताना तिला दिसत होते, आणि तिला त्याची दया आली, स्वतःपेक्षा जास्त. तेवढ्यात त्याची ओंजळ पाण्यातून वर आली. तिनं आपली तिच्यावर रिती केली. फार उरलं नव्हतं. त्यानं ते डोळ्यांना लावलं आणि प्याला. गिळल्याचा आवाज तिला ऐकू आला.

"देवाचं हाय," तो म्हणाला.

"मी कुठं काई म्हणले," ती म्हणाली.

मागच्या माणसाला द्यायला त्याच्या ओंजळीत काहीच राहिलं नव्हतं. तो माणूस कुरकुरला, पुजाऱ्यानं पुन्हा ओतलं, ते पुन्हा उद्धवरावांकडून तिच्याकडं आलं, तिच्याकडून त्याच्याकडं. या वेळी त्यानं ते मागं दिलं, नुसतं. घेतलं नाही. एकदा देवाचं म्हणता आलं, दुसऱ्यांदा ते बहिणीचंच झालं असतं.

*

उन्हात आल्यावर दोघं अवघडून उभे राहिले. ग्यानबानं कुंची ठकूच्या डोक्याला बांधली. "आणलेलं परत न्यायचं न्हाई," तो गीताबाईला म्हणाला. लाडवांचं गाठोडं त्यानं सत्यभामेच्या हातात दिलं.

"बाळंतिणीचे लाडू मी काय करू?"

"खा. कंबर धरत असंल पोरं वागवून."

ती हसली, तोही हसला. मग तो म्हणाला, "मी येत जाईन हितं, कार्तिकात. तू येशील?"

उद्धवराव पुढच्या साली विजापूरला जाणार होते, त्याच्या पुढच्या साली वेरूळला. एकदा बघितलेली जागा पुन्हा बघायची त्यांची रीत नव्हती. "बघू," सत्यभामा म्हणाली. "तू उन्हाचा निघू नको."

"न्हाई." तो निघाला.

दुपारी उद्धवरावांनी त्यांना किल्ल्यावर नेलं. तटावर चढवून एक अजस्र तोफ दाखवली, तिच्यावरची अक्षरं दाखवली, तिचा गोळा कुठवर जात असेल ते हातानं दाखवलं. सत्यभामा त्या हाताच्या दिशेनं बघत होती. खाली, तटाच्या पायथ्याशी, औरादवरून कमलनगरकडं जाणारी सडक होती आणि सडकेवरून एक पांढरं धोतर एकटंच चाललं होतं. त्याची चाल इथवरून ओळखू येत होती. हाक पोचली नसती. मारून बघावी असंही तिला वाटलं नाही.

सडकेच्या कडेला विहीर होती. एक बाई पाणी शेंदत होती. तो तिथं थांबला. काहीतरी बोलला असावा, कारण बाईनं घागर उचलली आणि तो गुडघ्यावर बसला. ती ओतत राहिली, तो पीत राहिला. किती वेळ! घागर रिकामी झाली असेल, इतका वेळ.

कोण बाई, कुणाची कोण. तिला मूलबाळ आहे का, हे त्यानं विचारलं नसणार.